उसाचे पाते आणि डोळ्याची काच

सातारा-सांगलीकडच्या उसाच्या गावात राहत असाल, तर डोळ्यात फूल पडलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. उसात काम करताना धारदार पाते डोळ्याला लागते. खरचटलेल्या जागी बुरशी किंवा जंतू शिरतात, घरगुती औषधात आठ दिवस जातात, आणि जखम भरली तरी पांढरा डाग राहतो. हा डाग असतो डोळ्याच्या सर्वांत पुढच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे पारपटलावर.

आम्ही भौतिकशास्त्राचे शिक्षक फळ्यावर डोळा काढतो आणि सारे श्रेय आतल्या भिंगाला देऊन टाकतो. हा अन्याय आहे. डोळ्याच्या सुमारे 60 डायॉप्टर शक्तीपैकी 40 हून अधिक एकट्या पारपटलाची! जाडी मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातले तंतू फार बारीक. मिलिमीटरचे 10 लाख भाग केले, तर त्यांतल्या तीसएक भागांएवढे. ते इतक्या जवळजवळ आणि शिस्तीत रचलेले असतात की बाजूला विखुरणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना मारतात आणि प्रकाश सरळ आत जातो. ही शिस्त मोडली की फूल पडते. मग आतले भिंग आणि दृष्टिपटल धड असूनही माणसाला धुके तेवढे दिसते.

अशा माणसाला मृत व्यक्तीचे पारपटल बसवता येते. 7 डिसेंबर 1905 रोजी, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. चुन्याने दोन्ही डोळे भाजलेल्या एका मजुराला त्यांनी 11 वर्षांच्या मुलाच्या, दुखापतीमुळे काढाव्या लागलेल्या डोळ्याचे पारपटल बसवले. एक कलम टिकले, आणि तो मजूर पुन्हा कामाला लागला.

निरोगी पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून रक्तगट जुळवण्याचा खटाटोप सहसा लागत नाही. दात्याला चष्मा असला, मोतीबिंदू असला, तरी चालते.

दरवर्षी 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्यात शाळांतून संकल्पपत्रे भरून घेतात. मीही गठ्ठे भरून घेतले आहेत. आता वाटते, नुसत्या कागदाने फारसे साधत नाही. पारपटल मृत्यूनंतर साधारण 6 तासांच्या आत काढावे लागते, आणि संमती लागते ती घरच्यांची. आजोबा गेले की रडारड, पाहुण्यांना निरोप, अंत्यविधीची घाई. कपाटातला कागद कोणाला आठवणार? पाटण किंवा जत तालुक्यातल्या आडगावी तर वाटेतच वेळ जातो.

म्हणून गुरुजनहो, सह्यांऐवजी गृहपाठ द्या. जवळच्या नेत्रपेढीचा फोन नंबर शोधून घरातल्या भिंतीवर लावायचा. वेळ आली तर फोन कोणी करायचा, ते ठरवायचे. नेत्रपेढीची माणसे येईपर्यंत पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा आणि डोक्याखाली उशी द्यायची. पुढचे काम अर्ध्या तासात होते. चेहरा विद्रूप होत नाही.

आणि मुलांनो, आजीची इच्छा तिलाच विचारा. ती कदाचित म्हणेल, "अरे, पुढल्या जन्मी आंधळी झाले तर?" हसू नका. तिच्याजवळ बसा, आणि गल्लीतल्या फूल पडलेल्या माणसाबद्दल बोला. त्याला ती तुमच्यापेक्षा जास्त वर्षे ओळखत असेल.