चोविसावा हिस्सा

दिवाळीत आपल्या अंगणात मुले मातीचा किल्ला करतात तेव्हा पहारेकरी महादरवाजाहून उंच असतो आणि तोफेपेक्षा मावळ्याचे पागोटे मोठे असते. पण त्याला कोणी हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेथे माप ठरते ते भक्तीने. मोटारी आणि ट्रक यांच्या लहान प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांच्या राज्यात मात्र हा न्याय चालत नाही. आरंभी एक प्रमाण ठरवायचे आणि दाराच्या मुठीपासून चाकाच्या नटापर्यंत ते पाळायचे, असा तेथला दंडक आहे. या छंदाशी माझी ओळख पन्नाशी उलटल्यावर झाली, आणि तीही स्वतःच्याच एका चुकीमुळे.

आमच्या शाळेच्या प्रदर्शनात सातवीतल्या एका मुलाने पुठ्ठ्याचा ट्रक मांडला होता. वडील पुणे-बेंगळुरू महामार्गावर ट्रक चालवतात. त्याच गाडीची ही प्रतिकृती. फुटाला अर्धा इंच असा त्याचा हिशेब. म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा हिस्सा. देशोदेशीच्या छांदिष्टांत रूढ असलेले १:२४ हे प्रमाण फुटाला अर्धा इंच याच हिशेबाचे आहे, हे त्याच्या गावीही नव्हते. ट्रकचे हौदे आपल्याकडे फुटांतच सांगतात, म्हणून त्याला ते सोयीचे वाटले इतकेच. १७ फुटी हौदा साडेआठ इंच, ७ फूट रुंदी साडेतीन इंच, साडेतीन फूट व्यासाचे चाक पावणेदोन इंच. चाके जुन्या स्लिपरच्या तळाची, पाटे पोस्टकार्डाच्या एकीहून एक आखूड पट्ट्यांचे, ताडपत्री फाटक्या छत्रीच्या कापडाची.

परीक्षक मी होतो. बंपर डावीकडे वाकलेला, डावे दार उजव्यापेक्षा वेगळ्या रंगाचे आणि चाकांवर मातकट डाग, हे पाहून ‘टापटीप’ या रकान्यात मी सढळ हाताने गुण कापले. मुलगा वाद घालणारा नव्हे. “गाडी तशीच आहे, सर,” एवढेच म्हणाला. बक्षीस एका चकचकीत पवनचक्कीला गेले.

ते वाक्य मनातून जाईना, तेव्हा मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. अमेरिकेतील ए.एम.टी. ही कंपनी मोटारविक्रेत्यांच्या दालनांसाठी प्लॅस्टिकच्या लहान मोटारी करीत असे. १९५८ साली तिने सुट्या भागांचे संच बाजारात आणले. एकाच खोक्यातल्या भागांतून मूळ कारखान्याची, आपल्या आवडीप्रमाणे सजवलेली किंवा शर्यतीची, यांपैकी हवी ती मोटार जुळवायची. प्रमाण १:२५. छापील सूचना बाजूला ठेवून स्वतःची गाडी घडवण्याची चटक पुष्कळांना लागली ती अशा संचांमुळे. पुढे इटलीतील इटालेरी कंपनीने युरोपीय ट्रकांचे १:२४ प्रमाणाचे संच काढले. हाडाचे छांदिष्ट दोन-तीन संचांचे भाग एकत्र करून तिसरीच गाडी उभी करतात. ज्या प्लॅस्टिकच्या दांडीला भाग जडलेले असतात तीही टाकत नाहीत. मेणबत्तीवर मऊ करून ताणली की तिची केसासारखी तार निघते आणि ती एरियलच्या कामी येते.

सर्वांत कठीण रंगकाम. कुंचल्याचा एक हात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा जाड बसला, तर खऱ्या गाडीवर तो जवळजवळ अडीच मिलिमीटरचा थर होईल. म्हणजे रंग नव्हे, गिलावाच! म्हणून रंग पातळ करून, विरळ हात देत, प्रत्येक हात वाळू देत पुढे जावे लागते. शिवाय लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो, म्हणून जाणकार त्यात किंचित पांढरा मिसळतात.

आणि एवढा खटाटोप करून घडवलेली नवी कोरी गाडी हीच माणसे हाताने जुनी करतात! धुळीसाठी रंगीत खडूची भुकटी, रंग उडालेल्या कडांना मऊ पेन्सिलीचे शिसे, सायलेन्सरला गंजाचा तपकिरी. तीस वर्षे ज्या खडूची धूळ मी कोटावरून झटकत आलो, तिचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता. हे वाचताना प्रदर्शनातले ते मातकट डाग डोळ्यांपुढे आले आणि मी पुस्तक मिटले.

पालकसभेला त्या मुलाचे वडील थेट फेरीवरून आले. ट्रक माझ्या कपाटावर होता. मी तो काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो हातात घेऊन वळवला आणि अंगठा नेमका वाकलेल्या बंपरवर ठेवला.

“हे तवंदी घाटातलं. कठड्याला घासलो होतो.” मग दार पाहिले. “हे जुन्या बाजारातलं. रंगवायचं राहूनच गेलंय.”

बक्षिसे वाटून झाली होती. मी गुण कापले होते हे त्यांना सांगितले. ते संकोचून हसले, बहुधा माझ्याचसाठी. नंतर बराच वेळ ते समोरची बाजू न्याहाळत राहिले आणि मुलाला म्हणाले, “उजव्या आरशाला मी सुतळी बांधलीय बघ. ती राहिली.”

उत्तरपत्रिका बांधायचा दोरा माझ्या खणात असतो. मी रीळ पुढे केले. मुलाने दोरा चिमटीत धरून पाहिला.

“जाड होईल, सर,” तो म्हणाला, आणि नखाने पीळ उलगडून त्यातला एकच धागा सोडवू लागला.