रेफर म्हणजे उपचार नव्हे

‘पेशंट सिरियस आहे, इथे काही होणार नाही, संभाजीनगरला हलवा.’ सिंदखेड राजा, लोणार, मेहकर या भागात अपघाताच्या रात्री रुग्णालयाच्या दारात हे वाक्य हमखास कानावर पडतं. खामगाव-नांदुऱ्याकडे संभाजीनगरच्या जागी अकोला येतं, एवढाच फरक. नातेवाईकांचीही त्याला हरकत नसते. उलट डॉक्टरने दहा मिनिटं थांबवून काही करायला घेतलं, तर तेच घाई करतात : साहेब, वेळ घालवू नका, चिठ्ठी द्या. जखमीला लवकरात लवकर मोठ्या दवाखान्यात पोचवणं हाच त्याचा उपचार, ही समजूत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात इतकी घट्ट बसली आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा माणूस लोकांच्या जिवाशी खेळतोय असं वाटावं. तरीही बोललं पाहिजे, कारण ही समजूत चूक आहे. ती चूक आहे हे कळण्यासाठी जगभरच्या सैन्यांनी हजारो जवानांच्या प्राणांची किंमत मोजली आहे. आपण ती पुन्हा मोजायची गरज नाही.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर पिंपळखुट्याजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ जण होरपळून गेले. त्यानंतर ‘समृद्धीवर ट्रॉमा सेंटर असतं तर...’ असं पुष्कळ बोललं गेलं. हे म्हणणाऱ्यांची कळकळ खरी आहे, पण दाखला चुकीचा आहे. पेटत्या बसमध्ये अडकलेल्यांना जगातला कुठलाच सर्जन वाचवू शकला नसता. तो प्रश्न दारांचा, खिडक्यांचा, डिझेलच्या टाकीचा आणि चालकाच्या झोपेचा आहे, आणि तो त्याच जागी सोडवला पाहिजे. शस्त्रक्रियेचा प्रश्न त्यांचा, जे गाडीतून जिवंत बाहेर निघतात आणि नंतर मरतात. त्यांची बातमी चार ओळींची असते : ‘उपचारासाठी नेत असताना वाटेतच प्राणज्योत मालवली.’ या चार ओळींकडे आपण कधी नीट पाहत नाही.

असे जखमी आपल्याकडे फक्त समृद्धीवर सापडत नाहीत. मलकापूर, नांदुरा, खामगाव या गावांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. २९ जुलै २०२३ ला मलकापुरात दोन बस समोरासमोर धडकल्या तो हाच रस्ता. सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरमध्ये हात जातो. कडबा कुट्टीत बोटं जातात. विहिरीचं काम करताना दरड अंगावर येते. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला अस्वल शेतकऱ्याचा चेहरा आणि डोकं फाडतं. ऑगस्ट २०२१ मध्ये समृद्धीच्याच कामावरचे मजूर लोखंडी सळयांनी भरलेल्या टिप्परवर बसून निघाले होते. सिंदखेड राजा तालुक्यात तो टिप्पर उलटला आणि १३ मजूर दगावले. लढाई चालू नसलेल्या जिल्ह्यात अशा जखमा होतात.

आता पूर्वपक्षाचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेऊ. बाल्टिमोरचे सर्जन आर. अ‍ॅडम्स कौली यांनी ‘गोल्डन अवर’ची कल्पना मांडली, आणि ती आता आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. तासाभरात मोठ्या दवाखान्यात पोचा, असा तिचा अर्थ आपण लावला. पण बुलढाण्याहून संभाजीनगर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. चालकाने कितीही जोर लावला तरी तो तास गाडीतच संपणार. मांडीची मुख्य रक्तवाहिनी तुटली असेल तर माणसाजवळ तास नसतोच, मोजकी मिनिटं असतात. रक्तस्राव थांबेपर्यंत घड्याळ जखमीच्या विरुद्ध चालतं, एवढाच त्या कल्पनेचा गाभा. मग रक्तस्राव मोठ्या दवाखान्यात थांबला की रस्त्याच्या कडेला, याच्याशी शरीराला काही देणंघेणं नाही.

सैन्य हे कसं शिकलं ते पाहा. व्हिएतनाम युद्धात दोन हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक केवळ हातापायाच्या जखमेतून रक्त वाहून मेले, असा अंदाज आहे. रक्त थांबवणारा आवळपट्टा, म्हणजे टूर्निके, तेव्हाही माहीत होता. पण त्याने हातपाय निकामी होतात या भीतीने तो मागे पडला होता. इराक आणि अफगाणिस्तानात तो प्रत्येक जवानाच्या खिशात परत आला. बगदादच्या लष्करी रुग्णालयातल्या नोंदी २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या : जखमी शॉकमध्ये जाण्याआधी पट्टा बांधला तेव्हा सुमारे ९० टक्के वाचले, शॉकमध्ये गेल्यावर बांधला तेव्हा जेमतेम १० टक्के. निव्वळ पट्ट्यामुळे हात किंवा पाय गमावल्याची एकही नोंद त्यात नव्हती. हे काम महागड्या यंत्राने झालं नाही. शेजारच्या जवानाला पट्टा कुठे, किती आणि केव्हा आवळायचा हे शिकवलं होतं, त्याने झालं.

आपल्याकडे मात्र नेमकं उलट चालतं. साप चावला की लोक पायाला दोरी करकचून बांधतात, जिथे ती बांधू नये. थ्रेशरमध्ये हात तुटला, रक्ताची चिळकांडी उडाली, की जखमेवर हळद आणि फडकं टाकून जीप शोधायला धावतात, जिथे बांधायलाच हवं. हे बदलायला कुठल्या निधीची वाट पाहावी लागत नाही. चिळकांडी उडत असेल तर जखमेच्या वर दोन-तीन इंच, सांधा टाळून, रुंद पट्टा बांधायचा. सुतळी किंवा तार नव्हे, ती मांस कापते. पट्ट्यात काठी अडकवून रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळायचं, काठी पक्की करायची आणि वेळ लिहायची, कपाळावर पेनाने लिहिली तरी चालते. मग दवाखान्यात पोचेपर्यंत तो सोडायचा नाही. जखम जांघेत किंवा काखेत असेल, जिथे पट्टा बसत नाही, तिथे स्वच्छ कापड बोटाने आत, थेट रक्त येतं त्या जागेपर्यंत ठासायचं आणि कोपर ताठ ठेवून सगळं वजन टाकून दाबून धरायचं. दर मिनिटाला उचलून पाहायचं नाही. कटीचं हाड मोडल्याचा संशय असेल तर चादर दुमडून, मांडी जिथे कमरेला मिळते तिथल्या बाजूच्या हाडांवरून आवळून बांधायची. पोटावर बांधली तर उपयोग नाही. गावचा होमगार्ड, आशाताई, ढाब्यावरचा पोऱ्या, एसटीचा वाहक, कुणालाही हे एका दुपारी शिकवता येतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो फेटाळण्यासारखा नाही. लढाईतल्या जखमा गोळीच्या आणि स्फोटाच्या, रस्त्यावरचा मार मुका. पोटात रक्त साचलं किंवा डोक्याला मार लागला तर पट्टा काय करणार? अगदी बरोबर. डोक्याच्या गंभीर दुखापतीला सीटी स्कॅन आणि मेंदूचा सर्जन लागतो, तिथे रेफर करणं हाच योग्य निर्णय. मात्र अशा रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा न ठेवता, रक्तदाब न सांभाळता त्याला गाडीत टाकलं, तर मेंदूचं दुसऱ्यांदा नुकसान वाटेतच होतं. पोटातल्या रक्तस्रावाबद्दल तर सैन्य आणि नागरी वैद्यक यांचं एका औषधावर एकमत झालं आहे. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड हे स्वस्त औषध बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठीही वापरतात. ४० देशांतल्या २०,२११ जखमींवर त्याची चाचणी झाली, भारतातली रुग्णालयंही तिच्यात होती, आणि २०१० मध्ये निष्कर्ष आला : औषध मिळालेल्यांत मृत्यू १४.५ टक्के, न मिळालेल्यांत १६ टक्के. पुढे त्याच आकडेवारीतून दिसलं की पहिल्या तीन तासांत दिलं तरच फायदा. त्यानंतर दिलं तर अपायाचा धोका. म्हणजे मेहकरला द्यायचं इंजेक्शन संभाजीनगरला पोचून रांग लागल्यावर देणं हे निव्वळ उशीर करणं नव्हे, कदाचित ते उलटंच पडेल. लांबच्या पल्ल्यासाठी जखमीला सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवण्याची जुनी सवयही सैन्याने सोडली. सलाइनने रक्त पातळ होतं, शरीर गार पडतं, रक्त गोठेनासं होतं. रक्त गेलं असेल तर रक्तच द्यावं आणि अंगावर घोंगडी टाकावी. इतकं साधं आहे ते.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा : ग्रामीण भागात पोट उघडायला सर्जन कुठे, भूलतज्ज्ञ कुठे? रिकाम्या पदांचं दुखणं खरं आहे आणि शासनाला त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण ज्या रुग्णालयात रात्री दोन वाजता सिझेरियन होतं, तिथे भूल आहे, टेबल आहे, पोट उघडणारा हात आहे. १९९३ नंतर जगभर मान्य झालेल्या ‘डॅमेज कंट्रोल’ शस्त्रक्रियेत पहिल्या टप्प्यावर एवढंच अपेक्षित असतं. पोट उघडायचं, यकृताभोवती पॅड ठासायचे, फुटलेलं आतडं बांधायचं, सगळं दुरुस्त करण्याच्या फंदात पडायचं नाही, पोट तात्पुरतं झाकायचं आणि मग रुग्णाला पुढे पाठवायचं. उरलेली शस्त्रक्रिया दिवस-दोन दिवसांनी मोठ्या ठिकाणी. या पद्धतीत रेफर आहेच, पण रक्त थांबवल्यानंतरचा.

लढाईतल्या शिकवणीला परदेशी म्हणून हिणवणाऱ्यांनी सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांकडे पाहावं. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात कोटणीस होते आणि आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. उत्तर चीनमधल्या खेड्यांत, जपानी फौजांच्या वेढ्यात, कोटणीसांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. लोकांना त्यांचा त्याग आठवतो, १९४६ चा शांतारामांचा चित्रपट आठवतो. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं : कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत ते शिकवत होते. जवळ सर्जन नाहीत म्हणून जखमींना दूरच्या शहरात पाठवण्याची सोय तिथे नव्हतीच. मग माणसं तिथेच घडवावी लागली. १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले, तोवर त्या शाळेतून शिकून निघालेले हात कामाला लागले होते.

बुलढाण्याला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांत ते एक. त्याचा आनंदच आहे. पण ‘कॉलेज आलं, आता प्रश्न मिटला’ हे म्हणणं मी मान्य करत नाही. पहिल्या तुकडीचे डॉक्टर बाहेर पडायला साडेपाच वर्षं, त्यांतला कुणी सर्जन व्हायला आणखी तीन. तोवर अपघात थांबणार आहेत का? आणि शिक्षण रेफरच्या सावलीतच झालं, तर तेही रेफरच करायला शिकतील.

म्हणून या महाविद्यालयाने पहिल्या दिवसापासून सैन्याशी नातं जोडावं. पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, आपलं एएफएमसी, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीच संलग्न आहे, आणि बुलढाण्याचं महाविद्यालयही. एकाच विद्यापीठाच्या दोन महाविद्यालयांनी शिक्षक आणि प्रशिक्षणार्थी यांची देवाणघेवाण करायला कुठला नवा कायदा लागत नाही. यात सैन्याकडे उपकार मागायचे नाहीत. शांततेच्या काळात लष्करी सर्जनचा हात जखमांपासून तुटतो, आणि पुढच्या लढाईच्या सुरुवातीला त्याची किंमत जवान मोजतात. म्हणूनच अमेरिकेचे लष्करी सर्जन बाल्टिमोरच्या नागरी ट्रॉमा सेंटरमध्ये सराव करतात. इंग्लंडने बर्मिंगहॅमच्या नागरी रुग्णालयात अफगाणिस्तानातले जखमी आणले, लष्करी आणि नागरी डॉक्टर एकमेकांकडून शिकले, आणि २०१२ पासून देशभर ट्रॉमा सेंटरांचं जाळं विणलं. आपल्या महामार्गांवर तर जखमांची ददात नाही, हे दुर्दैवाने खरं आहे.

आणि शिकवणं मोठ्या शहरातूनच यावं असंही नाही. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर या हाडांच्या डॉक्टरचं छोटं विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी झाली, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्यांना जखमींवर कशा क्रमाने उपचार करायचे तेच माहीत नाही, असं स्टायनर यांना आढळलं. दोन वर्षांत त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ग्रामीण डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम उभा केला. आज एटीएलएस नावाने जग तोच शिकतं. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्त, हा क्रम मक्याच्या शेतांमधल्या दवाखान्यांसाठी तयार झाला होता.

आता खऱ्या अडचणीकडे येतो, जिच्याबद्दल उघड कुणी बोलत नाही. जखमी वाटेत गेला तर डॉक्टरला कुणी विचारत नाही. टेबलावर गेला तर काचा फुटतात. रेफरच्या कित्येक चिठ्ठ्यांमागे अज्ञान नसतं, भीती असते. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तो पोलिसांनी वापरायला हवा. पण ही भीती कायद्यापेक्षा गावच जास्त घालवू शकतं. जखमीवर आधी उपचार, कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा नको, हे २०१६ मध्ये सांगितलं, आणि पुढे ते मोटार वाहन कायद्यातही आलं. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची केंद्राची योजना लागू आहे. तेव्हा ‘पैसे कोण भरणार’ या कारणाने कुणी रेफर करत असेल, तर तेही आता टिकत नाही.

माझी जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना एकच मागणी आहे, आणि ती उद्यापासून अमलात येऊ शकते. रेफरच्या चिठ्ठीवर गावाचं नाव आणि ‘पुढील उपचारासाठी’ एवढंच न लिहिता, रक्तस्राव कसा थांबवला, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड किती वाजता दिलं, कटी बांधली का, श्वासमार्ग कसा ठेवला, हे लिहिणं सक्तीचं करा. दर महिन्याला या चिठ्ठ्या एकत्र वाचा, आणि वाटेत गेलेल्या प्रत्येकाची चिठ्ठी सगळ्यात आधी वाचा. वाचकांना विनंती एवढीच : आपला माणूस स्ट्रेचरवर असेल तेव्हा ‘कुठे न्यायचं’ हे विचारण्याआधी ‘रक्त थांबलं का’ हे विचारा, आणि डॉक्टर ते थांबवत असेल तर त्याच्या मागे उभे राहा.