डोळ्यांचाही वार्षिक ताळेबंद हवा

आपण व्यापारी माणसे वर्षअखेर गोदामातील मालाची मोजदाद करतो, येणे-देणे तपासतो. परंतु ज्या डोळ्यांच्या आधारे हा सारा व्यवहार चालतो, त्यांचा हिशेब घेत नाही. मधुमेही माणसास ही हयगय फार महाग पडते. हे मी ऐकीव सांगत नाही.

मला मधुमेह जडून चौदा वर्षे झाली. गोळ्या घेत होतो, चष्म्याचा नंबर बदलीत होतो. तेवढ्यावर कर्तव्य संपले, अशी माझी समजूत होती. चार वर्षांपूर्वी एके सकाळी पेढीवर खतावणी उघडली, तो डाव्या डोळ्यापुढे काळी जळमटे तरंगू लागली. आत रक्तस्राव झाला होता. आज त्या डोळ्याने अक्षर लागत नाही. उजवा तेवढा लेसरच्या उपचाराने वाचला.

रक्तातील वाढलेली साखर डोळ्याच्या पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या करते. त्या पाझरतात, बंद पडतात. पुढे ठिसूळ अशा नव्या वाहिन्या उगवून त्यांतून रक्त वाहते. आरंभी वेदना नसते, दिसतेही स्वच्छ. येथेच माणूस फसतो. धान्याचा व्यापारी पोत्याचे तोंड पाहून सौदा करीत नाही, आतला दाणा काढून पाहतो. तद्वत् थेंब घालून, बाहुली मोठी करून आतला पडदा तपासून घेतला पाहिजे. तक्त्यावरील अक्षरे वाचणे म्हणजे ही तपासणी नव्हे. प्रौढपणी मधुमेह जडल्यास निदान होताच, व नंतर सामान्यतः दरवर्षी ती करावी. रक्तदाबही आटोक्यात हवा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात, रक्तदाब काटेकोर राखणाऱ्या मधुमेहींत दृष्टी ढासळण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने घटल्याचे आढळले. उपचाराने राहिलेली दृष्टी राखता येते. गेलेली बहुधा परत येत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींवर आढळली. आपल्या शेजारच्या गोव्यात प्रौढांमधील प्रमाण २६.४ टक्के होते.

"हंगामात सवड कोठली?" असे कोणी म्हणेल. मीही तेच म्हणत आलो. थेंबांमुळे अर्धा दिवस वाचन-लेखन व वाहन चालविणे बंद राहते, एवढेच. एक डोळा गमावण्यापेक्षा अर्ध्या दिवसाचा धंदा बुडालेला परवडला.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे की, दरवर्षी वहीपूजनाच्या सुमारास एक दिवस नेत्रतपासणीसाठी राखून ठेवावा, आणि त्यात सभासदांबरोबर त्यांची कुटुंबे, मुनीम व हमाल यांनाही सामावून घ्यावे.