रात्रपाळी, संस्कृती आणि पगाराचं खातं

मुलींनी कंपनीत रात्रपाळी करावी का, यावरून बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर भागात घराघरात वाद होतात. विरोध करणाऱ्यांचं वाक्य ठरलेलं: "ही पाश्चात्त्य थेरं आहेत, आपल्या संस्कृतीत बसत नाहीत."

आता गंमत बघा. बायकांना रात्री कारखान्यात मनाई, हा नियम आपल्या कुठल्या पोथीतला नाही. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथे तसा करार झाला. आपल्या १९४८च्या कारखाना कायद्यातही संध्याकाळी ७ ते सकाळी ६ ही मनाई होती. म्हणजे थेरं म्हणायचीच, तर बंदीच पाश्चात्त्य! महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीने ती शिथिल केली. अटी घातल्या: सुरक्षा, लैंगिक छळापासून संरक्षण, घराजवळपर्यंत वाहन.

आणि आपल्या बायका रात्री काम करत नव्हत्या कधी? ऊसतोडीला गेलेली मराठवाड्यातली बाई मध्यरात्रीनंतर उठते, भाकऱ्या थापते आणि अंधारातच फडात जाते. तेव्हा कुणाची संस्कृती बुडत नाही. कारण तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात. घाटीत सिस्टर रात्रभर वॉर्ड सांभाळतात, तेव्हाही कुणी बोलत नाही. कंपनीतल्या पोरीचा पगार मात्र तिच्या खात्यावर जमा होतो. खरं दुखणं तिथे आहे, रात्रीत नाही.

हे आजचं नाही. रखमाबाईंचं लग्न ११व्या वर्षी झालं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. टिळकांच्या पत्रांनी नवऱ्याची बाजू घेतली, इंग्रजी शिक्षणाने बायका बिघडतात अशी ओरड झाली. त्याच रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. सांगा, कुठली संस्कृती बुडाली?

पण सुधारणेच्या नावानेही जबरदस्ती नको. तुर्कस्तानात केमाल पाशाने १९२५ साली कायदा करून पुरुषांना हॅट घालायला लावली. पुढे तिथल्या विद्यापीठांत डोक्यावर रुमाल बांधणाऱ्या मुलींना बंदी आली. मग परंपरा मानणारे सत्तेत आले आणि २०२१ मध्ये बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धच्या इस्तंबूल करारातून देशच बाहेर पडला. आधुनिक असो की परंपरावाला, हुकूम वरूनच सुटला.

म्हणून मुद्दा सरळ आहे. जिला रात्रपाळी नको, तिच्यावर सुपरवायझरने दबाव आणायचा नाही. जिला हवी, तिच्यावर घरच्यांनी आणायचा नाही. संमती तिची. बापाची सही ही तिची संमती नव्हे.

आणि पोरींची खरंच काळजी असेल, तर संस्कृतीवर भाषणं करण्यापेक्षा कंपनीला विचारा: गाडी कॉलनीच्या कोपऱ्यावर सोडते की दारात? ग्रामपंचायतीला विचारा: गल्लीतले दिवे कधी लागणार? तक्रार समितीत कोण आहे, हे कामावरच्या पोरींना माहीत आहे का?

तुमच्या कंपनीची गाडी दारापर्यंत येते का? कंपनीचं नाव न लिहिता, नुसतं हो किंवा नाही कमेंटमध्ये सांगा.