एकच लेथ, दोन कायदे : अपघाताच्या नोंदवहीबाहेर राहिलेला विद्यार्थी

#थ्रेड

१/ छत्रपती संभाजीनगरात एकाच वयाचे दोन तरुण लेथवर उभे असतात. एक वाळूजच्या कारखान्यातील शिकाऊ उमेदवार. दुसरा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत अंतिम वर्षाचा प्रकल्प करणारा विद्यार्थी. यंत्र तेच आणि चकमध्ये अडकू शकणारी बाहीही तशीच. मात्र पहिल्याला इजा झाली तर कायदा दखल घेतो. दुसऱ्याच्या बाबतीत तशी खात्री नाही. हा भेद कसा निर्माण झाला, याचा हा इतिहास.

२/ आरंभ मुंबईच्या गिरण्यांपासून. १८७५ साली मुंबई सरकारने गिरण्यांतील स्थिती तपासण्यासाठी आयोग नेमला. त्याच्या बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरजच वाटली नाही. मालकवर्गाचे म्हणणे असे की उद्योग अजून बाल्यावस्थेत आहे, निर्बंध आले तर तो बुडेल. हा युक्तिवाद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो वेगळ्या वेषात भेटणार आहे.

३/ सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्यांनी कायद्याचा आग्रह धरला. भारतीय स्पर्धेने धास्तावलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थही त्यामागे होताच. अखेर १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. तो तुटपुंजा होता. १०० वा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता आणि सात वर्षांच्या मुलाला कामावर ठेवण्याची मुभाही त्यात होती. तरी दोन गोष्टी त्याने प्रथमच आणल्या : धोकादायक यंत्राला कुंपण आणि अपघाताची खबर.

४/ १८८४ साली ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. हजारो कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची तरतूद व्हावी. अपघात हे कामगाराचे नशीब नसून कारखान्याचे उत्तरदायित्व आहे, हा विचार महाराष्ट्राला परका नाही.

५/ नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कलम २१ मध्ये यंत्रांना कुंपण आणि कलम ८८ मध्ये अपघाताची सूचना बंधनकारक केली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने आणखी एक पाऊल टाकले : कारखान्यात शिकणारा उमेदवार ‘कामगार’ नसला, तरी सुरक्षेच्या तरतुदी त्याला कामगाराप्रमाणेच लागू होतील आणि इजा झाल्यास भरपाईही मिळेल.

६/ त्याच्या आदल्याच वर्षी, १९६० साली, या शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहती वाढल्या, तशी राज्यभर महाविद्यालयांची संख्याही वाढली. त्यांच्या कार्यशाळांत लेथ, वेल्डिंग आणि भट्टी हेच शिक्षणाचे साहित्य. मात्र तिथे काम करणारा विद्यार्थी ना कामगार, ना शिकाऊ उमेदवार.

७/ उलट १९४८ च्या अधिनियमातील कलम ८६ ने राज्य सरकारला वेगळाच अधिकार दिला : शिक्षण, प्रशिक्षण वा संशोधनासाठी चालवलेल्या सार्वजनिक संस्थेच्या कार्यशाळेला अटींवर या कायद्यातून सूट देता येईल. प्रत्येक कार्यशाळेला सूट मिळाली, असा याचा अर्थ नव्हे. पण कायद्याची दृष्टी यातून दिसते. यंत्र कारखान्यात धोकादायक आणि महाविद्यालयात शैक्षणिक!

८/ हा दोष एकट्या भारताचा नाही. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेत आपोआप पेटणारे रसायन हाताळताना एक तरुण संशोधन-सहाय्यक भाजली आणि जानेवारीत मरण पावली. ती पगारी कर्मचारी होती. म्हणून कामगार-सुरक्षा यंत्रणेला तपास करता आला, दंड झाला आणि पुढे फौजदारी आरोपही दाखल झाले.

९/ एप्रिल २०११ मध्ये येल विद्यापीठाच्या कार्यशाळेत मध्यरात्रीनंतर एकटीच काम करणाऱ्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकले आणि तिचा मृत्यू झाला. सुरक्षा यंत्रणेने लेथला संरक्षक कवच नसल्यावर बोट ठेवले. विद्यापीठाने ते निष्कर्ष अमान्य केले. दंड मात्र झाला नाही, कारण मृत मुलगी कर्मचारी नव्हती, विद्यार्थिनी होती.

१०/ आता आक्षेपांकडे. पहिला : “इतके नियम लावले तर विद्यार्थ्यांची सर्जनशीलता मरेल.” हा १८७५ च्या मालकांचाच सूर आहे. त्याचे उत्तर विद्यार्थ्यांनीच देऊन ठेवले आहे. ‘बाहा’ स्पर्धेत गाडी ट्रॅकवर उतरण्यापूर्वी रोल केज तपासला जातो, किल स्विच पाहिला जातो, ब्रेक दाबताच चारही चाके जखडतात की नाही हे बघितले जाते. त्यात नापास झालेली गाडी धावत नाही. तरीही दरवर्षी नव्या गाड्या तयार होतातच.

११/ दुसरा आक्षेप : “कायद्याने कुठे जीव वाचतात? वाळूजलाच बघा.” ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमधील हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला लागलेल्या आगीत सहा कामगार गेले, हे खरेच. कायदा असून माणसे मरतात, म्हणून कायदा नको, हा निष्कर्ष मात्र उफराटा आहे. कायदा असतो तेव्हा निदान कोणाला जाब विचारायचा, हे ठाऊक असते.

१२/ तिसरा आक्षेप सर्वांत लाडका : “आमच्या वेळी काही झाले नाही.” इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावे. गिरण्यांतील अपघातांचा अभ्यास होऊ शकतो, कारण १८८१ पासून त्यांची खबर देणे भाग पडले. महाविद्यालयीन कार्यशाळेतील भाजलेले हात, उडालेले कण, थोडक्यात टळलेले स्फोट यांचे दप्तर कुठे आहे? नोंद नसणे हा काही न घडल्याचा पुरावा होत नाही. हा नियम पहिल्या वर्षीच शिकवला जातो.

१३/ मग करायचे काय? प्रकल्पाच्या सिनॉप्सिससोबत जोखीम मूल्यमापनाचे एक पान सक्तीचे करावे. धोका कोणता, तो घडण्याची शक्यता किती, घडल्यास हानी किती, उपाय कोणता, जबाबदार कोण. उदाहरणार्थ, विजेच्या दुचाकीचा लिथियम बॅटरी पॅक : एक सेल तापून पेटला की शेजारचे सेल पेटवतो. म्हणून फ्यूज आणि बॅटरी नियंत्रण प्रणाली हवी, आणि पॅक रात्रभर चार्जिंगला लावून निघून जाणे बंद.

१४/ उपायांनाही क्रम आहे. आधी धोकाच काढून टाकता येतो का ते पाहावे, मग कमी धोक्याचा पर्याय, मग यंत्रावर कवच, मग नियम, आणि सर्वांत शेवटी गॉगल-हातमोजे. लेथवर तर हातमोजे हाच धोका ठरतो, कारण फिरता चक ते हातासकट ओढून घेतो. हे विचार न करता ‘सेफ्टी किट’ वाटून फोटो काढणे म्हणजे सुरक्षा नव्हे.

१५/ आणि एक नोंदवही. घडलेला प्रत्येक अपघात व थोडक्यात टळलेला प्रत्येक प्रसंग, नाव न घेता, तारखेसह लिहावा. पुढच्या तुकडीने प्रकल्प निवडण्यापूर्वी ती वही वाचावी. यंत्रांची कवचे खर्चिक असतील. वही आणि रात्री एकट्याने काम न करण्याचा नियम यांना निधी लागत नाही. लोखंड्यांच्या निवेदनाला कायद्याचे रूप यायला ३९ वर्षे लागली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची तर अजून मागणीही नीट लिहिली गेलेली नाही.