कोंकरूं लुचत नाहीं तेव्हां

छत्रपती संभाजीनगराजवळ ज्यांची शेती आहे, अशा एका एकत्र कुटुंबांतील भगिनीनें या सदरासाठीं एक प्रश्न पाठविला आहे. सुगी आटोपल्यावर त्यांच्या रानांत खतासाठीं मेंढ्या बसवितात. थंडीच्या एका रात्रीं तेथें मेंढी व्याली. कोंकरूं उभें राहिलें, पण कांहीं केल्या लुचेना. मुलांनीं तें उचलून माजघरांत आणलें. आजी म्हणाल्या, "चमच्यानें गाईचें दूध पाजा." धाकट्या जाऊबाई म्हणाल्या, "आधीं ऊन पाण्यानें न्हाऊं घाला." मागोमाग आलेली धनगरीण म्हणाली, "वहिनी, त्याला आईपासून तोडूं नका." या तिघींत बरोबर कोण, असें भगिनी विचारतात.

बरोबर धनगरीण. पण तिचें बरोबर कां, हें समजून घेतल्यावांचून पुढच्या वेळीं घरांत पुन्हां हाच वाद होईल. म्हणून थोड्या विस्तारानें लिहितों.

खरवस आपल्या घरांत आवडीचा, तेव्हां चीक म्हणजे काय हें कोणाला सांगावयास नको. परंतु चीक हा नवजात जीवाची पहिली ढाल आहे. मनुष्याच्या बालकाला रोगांशीं झुंजणारीं द्रव्यें कांहीं अंशीं आईच्या उदरांतच वारेवाटे मिळालेलीं असतात. मेंढी, शेळी, गाय यांच्या वारेंतून तीं पलीकडे जातच नाहींत. त्यामुळें कोंकरूं जन्मतें तें निःशस्त्र. त्याचें सारें संरक्षण चिकांतून यावयाचें असतें. तीं द्रव्यें जशींच्या तशीं शोषून घेण्याची आंतड्याची शक्ति पहिल्या कांहीं तासांत सर्वांत अधिक असते आणि चोवीस तासांच्या सुमारास तें द्वार मिटतें. दुसऱ्या दिवशीं कितीहि दूध पाजलें तरी ही तूट भरून निघत नाहीं. आजींचें गाईचें दूध वात्सल्याचें खरें, पण तें चिकाची जागा घेऊं शकत नाहीं.

दुसरा प्रश्न उबेचा. अंगांत ऊब निर्माण करण्यासाठीं कोंकरूं थोडीशी चरबी घेऊन जन्मतें. ती कांहीं तासच पुरते. ओलें अंग, पौषांतला वारा आणि रिकामें पोट हीं तिन्हीं एकत्र आलीं कीं रात्रींत्या रात्रींत खेळ आटोपतो. म्हणून जन्मापासून दोन तासांच्या आंत चीक पोटांत गेलाच पाहिजे, असें धरून चालावें.

कोंकरूं लुचत नसेल तर दोष कोठें आहे, तें आधीं पाहावें. प्रथम मेंढीची कास तपासावी. दोन्ही सडांतून एकेक धार काढावी. सडाच्या टोंकाशीं मेणासारखी गुठळी बसलेली असते, ती निघाली नाहीं तर बिचारें कोंकरूं व्यर्थ ओढीत राहतें. कासेभोंवतीं लोकर दाट असेल तर कातरावी, कारण पुष्कळदां तें सड म्हणून लोकरच चोखतें. कास गरम, टणक व दुखरी लागली तर तो कासेचा दाह समजावा व पशुवैद्यास बोलवावें. कास निर्दोष असूनहि मेंढी गरगर फिरत असेल किंवा डोक्यानें ढकलीत असेल तर ती बहुधा पहिलारू असून भांबावलेली असते. शेवटीं कोंकराकडे पाहावें: टाळू फाटलेली नाहीं ना, प्रसूति लांबल्यामुळें तें गळून गेलेलें नाहीं ना. त्याच्या तोंडांत स्वच्छ बोट घालावें. तोंड ऊबदार लागलें आणि तें बोट चोखूं लागलें तर निम्मी चिंता मिटली.

आतां लुचविणें. एकानें मेंढीला भिंतीशीं किंवा कुडाशीं उभी धरावी. दुसऱ्यानें कोंकराला त्याच्याच पायांवर कासेजवळ उभें करावें, ओठांवर चिकाचे दोन थेंब पिळावे, ओठाच्या कोपऱ्यांतून हलकेंच तोंड उघडून सड जिभेवर ठेवावा. डोकें दाबून धरूं नये. दाबलें कीं तें मागें रेटतें. शेंपटीच्या मुळाशीं बोटांनीं खाजवावें, कारण पाजतांना आई तेथेंच चाटते व त्यामुळें त्याला हुरूप येतो. शेंपटी लुटुलुटु हलूं लागली कीं चीक मिळूं लागला असें समजावें. पहिल्या खेपेस साधलें नाहीं तर पाव तास विसांवा देऊन पुन्हां प्रयत्न करावा.

एवढ्यानेंहि न जमल्यास चीक पिळून बाटलीनें पाजावा. मान दर किलो वजनास एका वेळीं सुमारें पन्नास मिलिलिटर. म्हणजे अडीच किलोच्या कोंकराला सव्वाशे, आणि पहिल्या चोवीस तासांत चार वेळां मिळून अर्धा लिटर. चीक अंगाइतका कोमट असावा, कोंकरूं उभें असावें, मान किंचित् वर असावी. तान्ह्या मुलाप्रमाणें मांडीवर उताणें घेऊन कधींहि पाजूं नये.

येथें एक धोक्याची सूचना आहे. कोंकराच्या अंगाची स्वाभाविक उष्णता ३९ ते ४० अंश सेल्सिअस असते. ती ३७ च्या खालीं गेली असेल, तोंड गार पडलें असेल, मान उचलवत नसेल, तर त्याच्या घशांत कांहींहि ओतूं नये. तें श्वासनळींत उतरून प्राण घेतें. असें कोंकरूं जन्मून पांच-सहा तास झाले असतील तर रक्तांतील साखरहि संपलेली असते; नुसतें शेकल्यानें झटके येण्याचा संभव असतो. नळीनें पाजणें व साखर टोंचणें हें पशुवैद्याचें काम. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीं १९६२ हा दूरध्वनि क्रमांक आहे.

जाऊबाईंच्या स्नानाविषयीं. मेंढी आपलें पिलूं ओळखते तें वासानें, आणि ही ओळख जन्मानंतरच्या थोड्या तासांतच पक्की होते. अंगावरचा ओलावा चाटतांना तिला पान्हा फुटतो. साबणानें तो वास धुऊन टाकला, किंवा पिलूं रात्रभर माजघरांत ठेवलें, तर सकाळीं आई त्याला परकें समजून लाथाडते. मग दूध असलेली आई जिवंत असून तें पोरकें होतें. म्हणून कोंकरूं कोरड्या पोत्यानें पुसावें, बेंबीला टिंक्चर आयोडीन लावावें, आणि दोघांना आडोशाच्या लहानशा जागेंत दोन-तीन दिवस एकत्र ठेवावें.

जुळें झालें तर दक्षता दुप्पट हवी. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोंकरूं देते. पण फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बंगालमधील सुंदरबनच्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून 'नारी सुवर्ण' ही जात सिद्ध केली आहे. अशा कळपांत धट्टें पिलूं पोटभर पितें आणि दुबळें मागें राहतें. दोघांचींहि पोटें हातानें चांचपून पाहावींत.

शेवटीं खरवसाकडे वळूं. घरची गाय व्याली कीं वांसराचा वांटा आधीं, खरवस मागून. वांसरूं तृप्त झाल्यावर उरलेल्या पहिल्या दिवसाच्या चिकांतून एक बाटली शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवावी. तेथें तो कित्येक महिने टिकतो. शेळीचा मिळाल्यास अधिक उत्तम. ज्या मेंढीला चीकच नाहीं, तिच्या कोंकराला तो कोमट पाण्यांत बाटली ठेवून वितळवून द्यावा. तो उकळूं मात्र नये. उकळल्यास त्याचा खरवस होतो, औषध राहत नाहीं.