दुधनीला बंद पडलेली जीप

मंडळी, या महिन्यात घरून काम करताना पोरांना कसं आवरायचं यावर लिहिणार होतो. ते पुढच्या अंकात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी असं काही घडलं की ते लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचेना.

आमच्या घरी एक एमएम ५४० आहे. धाकट्या वाचकांसाठी सांगतो, २०१० साली थार आली, त्याच्या कितीतरी आधी महिंद्राची जी उघडी, डिझेलवरची, पुढची चाकंही ओढणारी जीप मिळायची, त्यातली ही. इंजिन प्यूजोचं, २११२ सीसी. बाबांनी ती १९९७ साली एका लिलावात घेतली. बाबा तेव्हा इथल्या एका यार्नच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. करसवलतीमुळे सिल्वासात कारखान्यांची रांग लागली होती, आणि आमच्यासारखी खानदेशातून आलेली पुष्कळ कुटुंबं त्या रांगेमागोमाग इथे आली. लोक हप्त्यांवर मारुती घेत होते तेव्हा बाबांनी गंजलेली जीप आणली. आई आठ दिवस त्यांच्याशी नीट बोलली नव्हती म्हणे.

दोन वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. तेव्हापासून जीप पत्र्याखाली उभी. मी महिन्यातून एकदा तिला दूध आणायला नेतो, बस्स. बायको म्हणाली, "एक तर वापर, नाही तर देऊन टाक." तिचं काही चुकत नव्हतं. मी जाहिरात टाकली, सुरतेचं एक गिऱ्हाईक लागलं, सोमवारी सकाळी बघायला येतो म्हणालं. बाबांना मी हे सांगितलं नव्हतं. आरसी त्यांच्या नावावर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर सही त्यांचीच लागणार. पण सांगू, वेळ आली की सांगू, असं करत दोन आठवडे काढले. त्या दोन आठवड्यांत जीप मात्र सजवली. सीट कव्हर, बंपरला काळा रंग, नवा हॉर्न, डिझेल टाकीला चकचकीत कुलपाचं झाकण.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशीच आमच्या जीपवाल्यांचा मेळावा होता. शेवटचं एकदा नेऊ म्हटलं.

हा मेळावा म्हणजे काही शर्यत नव्हे. वर्षातून एकदा नाशिक, पुणे, वापी, सुरत इकडून पंधरा-वीस गाड्या येतात, सकाळी सिल्वासात जमतात आणि खानवेलमार्गे दुधनीकडे निघतात. सिल्वासा म्हटलं की गुजरातेतल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत एक विशेष चमक येते, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून पहिला नियमच तो: गाडी उभी राहून चाव्या खिशात जाईपर्यंत बाटली नाही. दुसरा नियम, कुणालाही मागे सोडायचं नाही. तिसरा, जो अडकेल त्याने सगळ्यांना वडे द्यायचे. तिसऱ्या नियमामुळे दुसरा फार आनंदाने पाळला जातो.

आमच्यात माणसं गाडीवरून ओळखली जातात. पुण्याच्या जिप्सीवाल्या ताई, दर वर्षी एकट्या येतात. सुरतेचे पांढरी थारवाले शेठ. आणि नाशिकचे काका, पेठ-कपराड्याच्या घाटातून त्यांची उंच बॉनेटची जुनी जीप चालवत येतात. ते बॉनेट उंच का, तर आतलं इंजिन उंच, जुन्या ठेंगण्या झाकणाखाली मावेना. काका निवृत्त शिक्षक, त्यामुळे हे ते दर वर्षी नव्या माणसाला समजावून सांगतात.

खानवेलला चहाला थांबलो तेव्हा माझी सात वर्षांची मुलगी त्यांच्या तावडीत सापडली. साकरतोड नदीकडे बोट दाखवून काका तिला १९५४ सांगत होते. २२ जुलैला दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा, आणि पोर्तुगीज पोलिसांची उरलेली तुकडी याच खानवेलच्या बाजूला हटली. म्हणजे ऐन पावसात, या चिखलात. आझाद गोमंतक दलाच्या मंडळींबरोबर सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. मुलीने विचारलं, "त्यांच्याकडे फोर बाय फोर होती?" काका म्हणाले, "पाय होते, बाळ."

खानवेल सोडलं, चढ लागला, आणि जीप बंद पडली.

एकदम नाही. आधी ओढ कमी झाली, मग घरघर, मग शांत. डिझेल गाडी अशी मरते तेव्हा कुणीही सांगेल, लाइनमध्ये हवा शिरली. मागून वापीचा गॅरेजवाला पोरगा आला, त्याने फिल्टरचा बोल्ट सैल केला, हातपंप मारला. फेस आला, बुडबुडे आले. बघा, हवा! अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर स्वच्छ डिझेल आलं, सेल्फ मारला, सुरू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वड्यांचा हिशेब करू लागलो.

पुढे दहा-बारा किलोमीटरवर पुन्हा तेच. पुन्हा बुडबुडे, पुन्हा पंप, पुन्हा सुरू. या वेळी एक रबरी नळी बदलली, क्लिपा आवळल्या.

दुधनीला मधुबन धरणाचं पाणी पसरलेलं असतं. फेब्रुवारीत ते ओसरायला लागतं आणि काठाला गाळाचे मोठे पट्टे उघडे पडतात. वरून वाळून भेगा गेलेल्या, खालून लोणी. पायाने चाचपलं तरी कळत नाही. त्यामुळे आमच्याकडे आधी कुणीतरी काठी घेऊन चालतं, मागून गाडी. काठाला कुणाची वालाची वाफं दिसली तर वळसा. मागे एका वर्षी एका पाहुण्याने हौसेने बांध फोडला होता. शेताचा मालक काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. आम्ही दहा जणांनी दुपारभर फावड्याने बांध घातला आणि त्या पाहुण्याला पुढच्या वर्षी बोलावलं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आता दर दुसऱ्या सोसायटीत एक थार उभी आहे आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून पोरं सरळ नदीत गाडी घालतात. मोकळी दिसणारी जमीन बहुतेक वेळा कुणाच्या तरी पोटापाण्याची असते.

असो. शेठची थार काठीवाल्याचं न ऐकता डावीकडून गेली आणि बंपरपर्यंत बसली. चारही चाकं जागच्या जागी फिरतायत, गाळ उडतोय, शेठ आत बसून फोनवर. जिप्सीवाल्या ताई खाली उतरल्या, काचेवर टकटक केली आणि म्हणाल्या, "भाऊ, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. जितका दाबाल तितकी खाली जाईल." मग त्यांनी आधी टायरांतली हवा अठरापर्यंत उतरवली, म्हणजे टायर पसरतो आणि गाळावर तरंगतो. चाकांपुढे फावडं मारलं. मग ताणणारा पट्टा लावला. हा पट्टा रबरासारखा ताणतो आणि झटक्यात ओढतो, त्यामुळे हुक निसटला तर गोळीसारखा येतो. म्हणून मधे एक ओलं पोतं टाकतात आणि पोरांना लांब उभं करतात. ताईंची जिप्सी थारच्या निम्म्या वजनाची असेल नसेल. दुसऱ्या झटक्याला थार बाहेर. शेठ उतरले आणि ताईंना वाकून नमस्कार केला.

आणि ती परत काठावर येत असताना, कडेला उभी असलेली माझी जीप तिसऱ्यांदा बंद पडली.

आता मात्र कुणाला टाळ्या सुचेनात. गॅरेजवाला पोरगा म्हणाला, फीड पंप गेला. काका म्हणाले, टाकीतली जाळी भरली. कुणी म्हणालं, ओढून नेऊ. मला आतून राग येत होता, जीपचा नाही, माझाच. उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार, आणि हिला दोरीने बांधून घरी नेणार मी.

मुलगी म्हणाली, "आजोबांना विचार ना."

तिथे रेंज नाही. वीस मिनिटं चढून टेकडीवर गेलं की दोन कांड्या येतात. खाली असतानाच मी फोनवर इंजिनाचा आवाज भरून घेतला, सुरू झाल्यापासून मरेपर्यंत. तोवर अर्धा तास गेला होता, त्यामुळे ती पुन्हा सुरू झाली होती. मग टेकडी चढलो आणि तो बाबांना पाठवला. कारखान्यात ते तीस वर्षं मशिनांचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग कुठलं गेलंय ते सांगायचे. आता डोळे गेल्यासारखे आहेत, पण कान शाबूत.

पाच मिनिटांनी त्यांचा व्हॉइस मेसेज आला. "उपाशी मरतेय ती. डिझेल खेचलं जात नाहीये. गेल्या महिन्यात तिला काय काय नवीन लावलंस?"

मी सॉफ्टवेअरवाला. ऑफिसात रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की मीच ज्युनिअर पोरांना पहिला प्रश्न हाच विचारतो, शेवटचं काय बदललं? आणि सकाळपासून तीनदा गाडी बंद पडूनही मी स्वतःला तो विचारला नव्हता. मी यादी पाठवली. सीट कव्हर, रंग, हॉर्न, टाकीचं झाकण.

उत्तर आलं, "झाकण उघडून बघ. फुस्स होईल."

खाली पळत आलो. कुलूप काढलं, झाकण फिरवलं, आणि टाकीने असा लांब श्वास ओढला की शेजारी उभे असलेले काका मागे सरले. झालं होतं ते असं: टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यायला हवी. जुन्या झाकणाला बारीक भोक होतं, नव्याला नव्हतं. सकाळी मी टाकी काठोकाठ भरलेली, आत हवेला जागाच थोडी. पंप खेचतोय, आत पोकळी वाढतेय, शेवटी पंप हरतो. आपण अर्धा तास बोल्ट सैल करून पंप मारतो तोवर कुठून तरी फटीतून हवा आत झिरपते आणि गाडी बरी होते. श्रेय सगळं आमच्या हातपंपाला. आणि ते बुडबुडे तर आम्ही बोल्ट उघडल्यावरच बाहेरून ओढले जात होते.

काकांनी टोच्याने झाकणाला भोक पाडलं. त्यानंतर जीप घरापर्यंत एकदाही अडखळली नाही.

पण घरी निघण्याआधी मी पुन्हा टेकडी चढलो, बाबांना सांगायला. त्यांचा एक मेसेज आधीच येऊन पडला होता. "एवढं सजवलंस कशाला? विकायचीय का?"

तिथे बसून काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. खाली मंडळींनी उंबाडियूचं मडकं उलटं करून भोवती विस्तव लावला होता. आपल्या अलिबागची पोपटी, तिचीच ही वलसाडकडची बहीण, फक्त हिच्यात कंद जास्त. वास वरपर्यंत येत होता. मी "हो" एवढंच लिहिलं आणि फोन खिशात टाकला.

रात्री घरी पोचलो तेव्हा बाबा पत्र्याखाली खुर्ची टाकून बसले होते. मी सगळं सांगितलं, गिऱ्हाईक, किंमत, फॉर्म. ते म्हणाले, "विकण्याचं काही नाही रे. मला विचारायला हवं होतंस." मग उठले, चाचपत टाकीपाशी गेले आणि नव्या झाकणावर बोट फिरवून भोक शोधलं. "कुणी पाडलं? बरोबर पाडलंय."

सोमवारी सुरतेचे गृहस्थ वेळेवर आले. मी चहा सांगायला आत गेलो, बाहेर येऊन बघतो तर बाबा त्यांना जीप दाखवतायत. खालचा पत्रा कुठे वेल्ड केलाय, मागचा पाटा कधी तुटला, थंडीत सुरू करताना काय काय करावं लागतं, पावसात कुठून गळते, सगळं. एक तास. एकही दोष लपवला नाही, उलट एक-दोन मला माहीत नसलेले निघाले. शेवटी ते गृहस्थ म्हणाले, "कळवतो साहेब."

अजून कळवलेलं नाही. बायकोने काल विचारलं, परत जाहिरात टाकणार का. मी म्हटलं, बाबांना विचारतो. त्यांना विचारायला गेलो तर ते भंगाराच्या डब्यातून जुनं झाकण काढून रॉकेलने घासत बसले होते, आणि मुलगी टॉर्च धरून.